चेन काढून बेल्ट बसवताना: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मोटरसायकलची चेन काढून दात्यांचा बेल्ट बसवण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यातली निवडक प्रश्नोत्तरं इथे देत आहोत.

माझ्या 350 सीसी गाडीला पुढे 16 आणि मागे 38 दातांचं स्प्रॉकेट आहे. पुली लेथवाल्याकडून करून घेणार आहे. बेल्ट कोणता घ्यावा आणि पुलीला किती दात ठेवावेत?
— एक वाचक, सांगली

पुली करायला टाकण्याआधी बेल्टची लांबी ठरवा. चेन कमी-जास्त झाली तर एखादी कडी काढता-घालता येते. बेल्ट अखंड असतो आणि ठरावीक लांबीतच मिळतो, त्यामुळे उपलब्ध लांबीला जुळतील असेच दात निवडावे लागतात.

आधी मध्यांतर मोजा. चेन ॲडजस्टर मधोमध ठेवा, गाडीवर माणूस बसवा आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या मध्यापासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. समजा ते 601 मिमी आलं. आता लांबीचा हिशोब असा: मध्यांतराची दुप्पट, अधिक दोन्ही पुल्यांच्या दातांच्या बेरजेला निम्म्या पिचने (पिच म्हणजे लगतच्या दोन दातांमधलं अंतर) गुणून येणारा आकडा, अधिक एक लहान दुरुस्ती. दुरुस्तीसाठी दोन पुल्यांच्या पिच व्यासांतल्या (दात गुणिले पिच भागिले 3.14) फरकाचा वर्ग करून त्याला मध्यांतराच्या चौपटीने भागायचं.

तुमचं सध्याचं प्रमाण 38 भागिले 16, म्हणजे 2.375 आहे. 8 मिमी पिचमध्ये पुढे 43 आणि मागे 102 दात घेतले तर प्रमाण 2.372 येतं, म्हणजे फरक नगण्य. लांबी: 1202 अधिक 145 गुणिले 4 म्हणजे 580, अधिक दुरुस्तीचे 9.4. एकूण 1791.4. 224 दातांचा 1792 मिमीचा बेल्ट त्यावर चपखल बसतो. याउलट नुसतं प्रमाण पाहून 34 आणि 80 दातांच्या पुल्या केल्या आणि हाताशी 1600 मिमीचाच बेल्ट असला, तर ॲक्सल 32 मिमी पुढे आणावा लागेल. तेवढी खाच चिमट्याला (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला) नसते. पुल्या भंगारात जातात त्या बहुधा याच कारणाने.

43 दातांच्या पुलीचा पिच व्यास साधारण 110 मिमी होतो, तर 16 दातांच्या स्प्रॉकेटचा सुमारे 81 मिमी असतो. मूळ स्प्रॉकेट कव्हरमध्ये ही पुली मावणार नाही, कव्हर नवं करावं लागेल. तरीही पुली लहान करण्याचा मोह टाळा. इंजिनाचा टॉर्क 28 न्यूटन-मीटर धरला आणि पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे सातपट होतो असं धरलं, तर 81 मिमीच्या स्प्रॉकेटवर जवळपास 490 किलोची ओढ येते. 110 मिमीच्या पुलीवर तीच ओढ 360 किलोच्या आसपास राहते. बेल्टचं आयुष्य या फरकावर ठरतं.

8 मिमी पिचमध्ये 12, 21, 36 आणि 62 मिमी रुंदीचे पॉलियुरेथेन बेल्ट येतात. उत्पादकाच्या तक्त्यात पहिल्या गिअरचा टॉर्क आणि धक्क्यांचा गुणक लावून रुंदी काढा. आकडा 21 आणि 36 च्या मध्ये आला तर 36 घ्या. आत कार्बन किंवा अरामिडचा (केव्हलारसारख्या मजबूत तंतूचा) दोरा असायला हवा. कारखान्यातल्या यंत्रांसाठी मिळणारा काचतंतूचा काळा रबरी बेल्ट दिसायला तसाच आणि बराच स्वस्त असतो, पण क्लच सोडतानाचे झटके त्याला झेपत नाहीत. तो घेऊ नका.

36 मिमीच्या बेल्टसाठी पुली सुमारे 38 मिमी रुंद होते. चेनच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना साधारण 8 मिमी जादा जागा लागते. टायर आणि बेल्ट यांच्यात किमान 5 मिमी अंतर उरतं का, ते टायरमध्ये पूर्ण हवा असताना बघा. उरत नसेल तर पुढची पुली बाहेर सरकवून काम भागवू नका. शाफ्टच्या टोकाशी भार गेला की बेअरिंगवरचा ताण वाढतो. अशा वेळी आधीपेक्षा रुंद टायर बसवला असेल तर मूळ मापाच्या टायरवर या.

पुढची पुली स्टीलची करा. आतल्या स्प्लाइनसाठी (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचांसाठी) जुन्या स्प्रॉकेटचा मधला भाग कापून पुलीत प्रेस करून वेल्ड करणारे भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने तो भाग हमखास वाकडा होतो आणि पुली डुलते. स्प्लाइन वायरकटवर (विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापून घ्या. मागची पुली 7075 या मजबूत मिश्रधातूच्या ॲल्युमिनियमची चालते, पण तिच्यावर हार्ड ॲनोडायझिंग (पृष्ठभागावरचा कडक थर) हवंच. ते नसेल तर धुळीने दात लवकर झिजतात. मागची पुली जुन्या स्प्रॉकेटच्याच कॅरियरवर (स्प्रॉकेट धरणाऱ्या तबकडीवर) बसवा, म्हणजे हबमधले झटके शोषणारे कपलिंग रबर कामात राहतील. ते काढून पुली थेट हबला बोल्ट केली तर प्रत्येक झटका सरळ बेल्टच्या दातांवर जातो.

बेल्ट बसवून दोन हजार किमी झाले. गाडी घूं घूं आवाज करते आणि पुढच्या पुलीमागच्या ऑइल सीलमधून तेल येतं. मेकॅनिक म्हणतो, बेल्टच खराब आहे.
— एक वाचक, पुणे

तुमच्या वर्णनावरून बेल्ट गरजेपेक्षा घट्ट बसवलेला दिसतो. तो बहुधा गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक लोंबकळत असताना ताणला गेला असावा.

गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि चिमट्याचा पिव्हट (चिमटा ज्याभोवती वर-खाली फिरतो तो बोल्ट) एका जागी नसतात. शाफ्ट पिव्हटच्या साधारण 70 मिमी पुढे असतो असं धरू. शाफ्ट, पिव्हट आणि ॲक्सल एका सरळ रेषेत आले की मध्यांतर सर्वांत जास्त असतं. चिमटा त्या रेषेपासून 12 अंश खाली लोंबला की ते सुमारे 1.4 मिमीने कमी होतं. चेनला 25 मिमी खेळ दिलेला असतो, म्हणून तिथे हा फरक लक्षातही येत नाही. बेल्टच्या आतला दोरा मात्र जवळपास ताणलाच जात नाही. लोंबत्या चाकावर नीट वाटलेला बेल्ट तुम्ही सीटवर बसताच कडक होतो आणि सगळा ताण शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. आवाज तिथून येतोय, सीलही त्यामुळेच गेलं.

आधी बेल्ट उतरवा आणि शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंग बदला. नुसतं सील बदलून ते पुन्हा फुटेल. मग दोन्ही शॉकॲब्सॉर्बर काढा आणि चाकाखाली लाकडी ठोकळे घालत तीनही मध्य दोरीने एका रेषेत आणा. ताण याच स्थितीत लावायचा. बेल्टच्या खालच्या पट्ट्याच्या (दोन पुल्यांमधल्या खालच्या भागाच्या) मधोमध स्प्रिंगकाट्याने ओढून बघा. किती किलोला किती मिमी दबावा, हे बेल्टच्या तक्त्यात असतं. दबण्याचं माप साधारण पट्ट्याच्या मोकळ्या लांबीच्या चौसष्टाव्या भागाइतकं, म्हणजे 600 मिमीच्या मध्यांतराला 9 मिमीच्या आसपास. चाक फिरवून चार ठिकाणी मोजा. आकडा बदलत असेल तर पुली डुलते आहे.

नंतर सरळ रेषा तपासा. चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका, त्या बऱ्याचदा एकमेकींशी जुळत नाहीत. दोन्ही पुल्यांच्या बाजूला सरळ पट्टी लावा. फरक 1 मिमीच्या आत हवा. पाव अंशाहून जास्त तिरकस बसलेला बेल्ट एका फ्लँजला (पुलीच्या उंच कडेला) घासतो, आवाज करतो आणि त्या कडेचे धागे सुटू लागतात. चाक फिरवणं नेहमी हाताने. गिअर टाकून इंजिनावर फिरवत तपासताना बोटं पुलीत जातात.

ढिलाईही चालत नाही. वेगात असताना गिअर उतरवला की इंजिन ब्रेकिंगमुळे वरचा पट्टा सैल पडतो आणि बेल्ट पुढच्या पुलीवर दात सोडून उडी मारतो. एकदा अशी उडी मारलेला बेल्ट वरून धड दिसला तरी आत दोरा दुखावलेला असू शकतो.

लांब सस्पेन्शनच्या ॲडव्हेंचर गाडीला बेल्ट बसेल का?
— एक वाचक, अहिल्यानगर

बसवू नये. वरच्याच मापांनी चिमटा 20 अंश फिरला तर मध्यांतर 3.7 मिमीने बदलतं. ब्युएल या अमेरिकन कंपनीने आपल्या गाड्यांत ताण कायम ठेवायला मध्ये आयडलर पुली (बेल्टला टेकून फिरणारी मोकळी पुली) दिली होती. घरगुती कामात तसा आयडलर मजबूत आणि सरळ बसवणं फार अवघड आहे.

कोकणातल्या पावसात चेन दर पंधरवड्याला गंजते. बेल्ट टिकेल?
— एक वाचक, चिपळूण

पाण्याचा त्याला त्रास नाही. गंज नाही, तेल नाही, मागच्या रिमवर काळे शिंतोडे नाहीत. रोजच्या पावसात चालणाऱ्या गाडीसाठी हा फायदा खरोखर मोठा आहे. बेल्टचा शत्रू खडी. हरभऱ्याएवढा खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेला तर आरपार भोक पाडू शकतो. म्हणून खालच्या पट्ट्यालाही गार्ड लावा आणि मागच्या पुलीत माती बाहेर पडायला मोठी भोकं ठेवा. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने धुवा. चेनचा स्प्रे किंवा ग्रीस अजिबात लावू नका, त्यात जांभ्याची माती चिकटून सँडपेपरसारखं काम करते. रस्ता उघडा खडीचा असेल तर चेनच ठेवा.

जुन्या बुलेटच्या मागच्या ब्रेक ड्रमलाच स्प्रॉकेटचे दात आहेत. ते कापून पुली बोल्ट करता येईल?
— एक वाचक, नाशिक

लेथवर ते होतं, पण बोल्टसाठी ड्रमला पाडलेली भोकं ब्रेकच्या उष्णतेने तडकण्याची सुरुवात ठरू शकतात. मागच्या ब्रेकशी असा खेळ करू नये. शिवाय या गाडीत पुढचं स्प्रॉकेट क्लच आणि प्रायमरी केसच्या (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या चेनच्या पेटीच्या) मागे आहे, म्हणजे तेवढं सगळं उतरवावं लागतं. स्प्रॉकेट वेगळं बोल्ट केलेला हब असेल, अशीच गाडी या कामाला निवडा.

बेल्ट अखंड असतो, मग चढवायचा कसा? स्कूटरचा बेल्ट आणि हा एकच का?
— एक वाचक, कोल्हापूर

पिव्हट बोल्ट काढून चिमटा पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण बेल्टचा फेरा चिमट्याच्या आडव्या नळीभोवती असतो. चिमटा निघालाच आहे, तर बुश आणि बेअरिंग तेव्हाच बदलून घ्या. चाक लावताना ॲक्सल 15 ते 20 मिमी पुढे सरकायला जागा हवी. बेल्ट पुलीवर स्क्रूड्रायव्हरने चढवू नका.

पेट्रोल स्कूटरचा बेल्ट वेगळा. तो व्ही आकाराचा असतो आणि घर्षणावर चालतो. एथर 450 सारख्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मागच्या चाकाचा बेल्ट मात्र दात्यांचा, याच जातीचा.

आरटीओ आणि विम्याची अडचण येईल का?
— एक वाचक, ठाणे

येऊ शकते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. कलम 182अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना लेखी विचारा. तोंडी होकार दाव्याच्या वेळी उपयोगाचा नाही.

लांबच्या प्रवासात जादा बेल्ट बरोबर ठेवावा का?
— एक वाचक, पणजी

ठेवा, पण घडी घालून डिकीत कोंबू नका. एकदा तीव्र वाकवला, पीळ दिला किंवा आतल्या बाजूने उलटा केला की दोरा तुटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. आला त्याच गोल वेटोळ्यात, खोक्यासकट, वर वजन न ठेवता न्या. चिमटा काढण्याची हत्यारंही बरोबर हवीत, नाहीतर जवळ बेल्ट असूनही गाडी टेम्पोनेच आणावी लागेल.