नाशिकच्या गतिरोधकांवर घासणाऱ्या प्रतिकृती गाडीचा पुढचा भाग किती आणि कसा उचलावा?

आपली गाडी लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवरची असून पुढे कॉइलओव्हर शॉक (ज्यांच्याभोवतीच स्प्रिंग बसवलेली असते असे शॉक ॲब्सॉर्बर) आहेत, असे आपण लिहिले आहे. तेव्हा स्प्रिंग बदलण्याची गरज नाही, शॉकवरील, स्प्रिंगला खालून आधार देणारी आट्यांची रिंग वर फिरवली की गाडी उचलली जाते. गाडी स्टँडवर घेऊन आट्यांतली माती तारेच्या ब्रशने काढावी, थोडे तेल सोडावे आणि मगच सी-पाना (रिंग फिरवण्याचा आकड्यासारखा पाना) लावावा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या आट्या सोलवटतात. स्प्रिंग चाकापासून आत बसवलेली असल्याने रिंग ५ मिमी सरकवल्यास चाकापाशी त्याहून अधिक, साधारण ७ मिमी फरक पडू शकतो; म्हणून घाई नको.

मोजमाप सपाट फरशीवर, चालकाचे वजन आसनावर ठेवून आणि गाडी थोडी पुढेमागे ढकलून स्प्रिंग बसल्यानंतरच घ्यावे, कारण जॅकवरून नुकतीच उतरलेली गाडी हमखास उंच दिसते. विशबोनचे (चाकाला चासीशी जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्यांचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळकांडी, असतील, तर त्यांचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी असतानाच पुन्हा आवळावेत. त्यानंतर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (पुढची चाके आत वा बाहेर वळलेली असणे) तपासणे अनिवार्य आहे. त्र्यंबक रस्त्यापुरते म्हणाल, तर मी दिसण्यापेक्षा सायलेन्सरखालच्या मोकळ्या जागेला महत्त्व देईन.