वाचकांचे प्रश्न : राजीनामा लिहून देण्याआधी

प्रश्न : मी सात वर्षांपासून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस असून २०२० पासून कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या घरातूनच काम करतो. गेल्या काही महिन्यांत आमच्या गटातील अनेकांना कमी करण्यात आले. आता पुण्याचे कार्यालय हैदराबादला हलवणार आहेत. महिन्याभरात तेथे रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असे मला फोनवर सांगण्यात आले; स्वतःहून राजीनामा दिल्यास अनुभवाचा दाखला चांगला मिळेल, असेही सुचवले गेले. घराचे कर्ज चालू आहे, पत्नी येथील शाळेत शिक्षिका आहे. वडील शाहू मिलमध्ये कामाला होते. त्यांना मी अजून काहीच सांगितलेले नाही. मी काय करावे?
— एक वाचक, कळंबा

उत्तर : फोनवरच्या बोलण्यावरून राजीनामा लिहून देऊ नका. जे सांगितले गेले, ते ई-मेलवर मागवा : कार्यालय कधी हलणार, रुजू होण्याची तारीख कोणती, स्थलांतराचा खर्च कोण देणार आणि न गेल्यास कंपनी तुमची नोकरी कोणत्या कारणाने संपवणार. उत्तर आले नाही, तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहते. नियुक्तीपत्रही काढून वाचा. बहुतेक नियुक्तीपत्रांत बदलीची अट असते, आणि ती तुमच्या पत्रात असेल तर केवळ गैरसोयीच्या कारणावरून नकार देणे अवघड जाते, हे आधीच ध्यानात घ्यावे.

राजीनामा आणि कपात, म्हणजे कंपनीने स्वतः कामावरून कमी करणे, यांतला फरक केवळ शब्दांचा नाही. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. सात वर्षांचे १०५ दिवस, म्हणजे साडेतीन महिन्यांचे वेतन होते. स्वेच्छेने राजीनामा दिला की या भरपाईवरचा हक्क उरत नाही. तुम्ही कायद्याने ‘कामगार’ ठरता की नाही, हे पदाच्या नावावरून नव्हे, तर प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते. तुमच्याकडे प्रामुख्याने तांत्रिक काम असेल आणि माणसे नेमण्याचे, रजा मंजूर करण्याचे अधिकार नसतील, तर कामगार कायद्याच्या जाणकार वकिलाला नियुक्तीपत्र दाखवूनच पुढचे पाऊल टाका. ग्रॅच्युइटी मात्र पाच वर्षांच्या नोकरीनंतर राजीनामा दिला तरी मिळतेच. तिच्यासाठी कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही.

कार्यालय हलवणे ही अनेकदा न बोलता केलेली कपातच असते, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी म्हातारे आईवडील आहेत, ज्यांच्या जोडीदाराची नोकरी गावात आहे, ते आपोआप गळतात आणि कंपनीला कोणालाही काढून टाकल्याचे सांगावे लागत नाही. पुणे सव्वादोनशे किलोमीटरवर असल्याने शुक्रवारी रात्री निघून घरी येता येत होते. हैदराबाद पाचशे किलोमीटरहून दूर आहे. म्हणून निर्णय पगाराच्या आकड्यावर घेऊ नका. तिथले घरभाडे, इथला कर्जाचा हप्ता, येण्याजाण्याचा खर्च आणि पत्नीच्या नोकरीचे काय होईल, हे सारे एका कागदावर मांडा. पत्नीचा पगार धरून हप्ता किती महिने भरता येईल, हे कळले की निम्मी भीती ओसरते. तरीही हप्ता चुकेल असे दिसले, तर चुकण्याआधीच बँकेत जाऊन बोला.

वडिलांना मात्र आजच सांगा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये स्थापन केलेली ती मिल बंद पडली, तेव्हा कोल्हापुरात कोणी कामगारांना नालायक म्हटले नव्हते. ज्यांनी तो भोंगा थांबलेला अनुभवला, त्यांच्यापासून ही गोष्ट लपवण्यात तुमचीच शक्ती खर्च होते आहे. ते खचतील, ही तुमची भीती. कदाचित या घरात या विषयावर बोलू शकणारे सर्वांत अनुभवी माणूस तेच असतील.

प्रश्न : माझी नोकरी जाण्याची शक्यता आहे. कंपनीच्या गट आरोग्य विम्यात माझ्या मधुमेही आईचे नाव आहे. तिच्या विम्याचे काय होईल?
— एक वाचिका, राजारामपुरी

उत्तर : गट विम्याचे संरक्षण साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आईचे नाव वळवून घेण्याची सोय असते आणि तसे केल्यास जुन्या आजारासाठीच्या प्रतीक्षा काळात (ज्या काळात त्या आजाराचा खर्च विमा देत नाही) आधीची वर्षे मोजली जातात. हप्ता वयानुसार बराच वाढेल. अर्ज मात्र नोकरी चालू असतानाच करा, आणि गट पॉलिसीचा क्रमांक व आईचे नाव असलेले विमापत्र आजच स्वतःच्या ई-मेलवर घेऊन ठेवा, कारण कार्यालयाचा लॅपटॉप परत केल्यावर ते हाती लागत नाही.