इसबावर अँटिऑक्सिडंट सिरप चालेल का?

प्रश्न: मुलगा ४ वर्षांचा आहे. कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत इसब आहे, रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असतात. नात्यातले एकजण म्हणाले की हे सगळं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे होतं, स्टेरॉइडचं मलम बंद करून अँटिऑक्सिडंट सिरप द्या. देऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, मलम मनाने बंद करू नका, ते आधी.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही काही थाप नाहीये. शरीरात फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर कण, तयार होतच असतात, त्यांना आवरायची सोयही (म्हणजेच अँटिऑक्सिडंट) शरीरातच असते, ती कमी पडली की पेशींना, अगदी डीएनएलाही इजा होते. २००१ साली जपानमध्ये इसब असलेल्या मुलांची लघवी तपासली तेव्हा या इजेची खूण निरोगी मुलांपेक्षा जास्त निघाली. पण म्हणून मूळ कारण तेच असं नाही. मुळात त्वचेचा बांधच कच्चा असतो, काही मुलांत फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन जन्मापासूनच कमी असतं, मग ओल उडून जाते, धूळ नि जंतू आत शिरतात, सूज येते, सुजेतल्या पेशी फ्री रॅडिकल्स सोडतात, त्याने बांध अजून ढासळतो, त्यात मूल खाजवतं आणि सगळं परत पहिल्यापासून.

सिरपने हे चक्र तुटतं का? कॉक्रेन ही जगभरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था, तिच्या २०१२ च्या आढाव्यात व्हिटॅमिन ई, झिंक, फिश ऑइल असं बरंच काही तपासलं होतं, इसबाला फायदा होतो असा ठोस पुरावा मिळाला नाही. ते पैसे मॉइश्चरायझरला लावा. अंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत, डाळीचं पीठ आणि घासणी बंद, अंग टिपून ओलसर असतानाच साधं व्हॅसलिन चोपडा, अगदी सढळ हाताने. स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस, आणि पुरेसं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती मोठ्या माणसाच्याच बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. नखभर लावून ‘गुणच येत नाही’ म्हणणारे खूप भेटतात हो!

घरात सिगरेट, मच्छर कॉइल, रोजचा धूप असेल तर तेही थांबवा, धुरातून फ्री रॅडिकल्सची भर पडते. आजीबाई रागावतील, रागावू देत.

पिवळी खपली धरली, पू आला, ताप आला किंवा अचानक दुखरे बारीक फोड उठले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.