दरडींचा अभ्यास करायचाय? मग गणित सोडू नका

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. तळियेची दरड कोसळल्यापासून दरडी आणि ज्वालामुखी यांचाच अभ्यास करायचा म्हणते. गणित जड जातं, म्हणून ते सोडून पुढे भूगोलात पदवी घ्यावी का? (एक पालक, महाड)

नमस्कार. गणित सोडू देऊ नका. उतार टिकेल की सुटेल हे गणितानंच ठरतं. मातीला धरून ठेवणारी ताकद भागिले तिला खाली ओढणारं बल. हे गुणोत्तर १ च्या खाली गेलं की डोंगर घसरतो. सह्याद्रीत कातळावर माती-मुरमाचा थर असतो. मुसळधार पाऊस मुरला की त्यातल्या पाण्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सैल होते. माळीण (३० जुलै २०१४) आणि तळिये (२२ जुलै २०२१), दोन्हीकडे आधी अतिवृष्टीच झाली होती.

भूगोल घेतल्यास जीआयएस (संगणकावर नकाशे करून त्यांचं विश्लेषण), आपत्ती व्यवस्थापन या वाटा आहेत. पण देशात दरडींचं मुख्य काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करतं, आणि तिथल्या भूवैज्ञानिक पदासाठी यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेला भूशास्त्र, उपयोजित भूशास्त्र अशा विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. भूगोलाची चालत नाही, नुसती सिव्हिलची पदवीही नाही. हे अनेकांना पदवी हातात आल्यावर कळतं.

म्हणून बारावीनंतर बी.एस्सी. भूशास्त्र. पुण्यात फर्ग्युसन, मुंबईत झेवियर्समध्ये हा विषय आहे. प्रवेशाआधी एवढं विचाराच : तिसऱ्या वर्षापर्यंत भूशास्त्र मुख्य विषय म्हणून घेता येतो का? पुढे 'जॅम' या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा भूशास्त्राचा पेपर देऊन आयआयटीत एम.एस्सी., किंवा पुणे विद्यापीठ. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेत पूर्वपरीक्षा ४०० गुणांची, मुख्य परीक्षेत २०० गुणांचे तीन लेखी पेपर, मग मुलाखत. मुख्य परीक्षा वर्णनात्मक असते, त्यामुळे आकृत्या काढून उत्तर लिहायची सवय बी.एस्सी.पासूनच लागायला हवी.

ज्वालामुखीचं स्पष्ट सांगतो : भारतात जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. त्यावर कायमची नोकरी मिळणं अवघड, पीएच.डी.साठी इटली, जपान, आइसलँडकडे पाहावं लागेल. मात्र महाडभोवतीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच आहे. एम.एस्सी.चा प्रकल्प त्यावर करता येतो.

संरक्षक भिंती, जाळ्या, पाण्याचे चर यांचं डिझाइन तिला जास्त आवडत असेल, तर सिव्हिल आणि नंतर जिओटेक्निकलमध्ये (माती-खडकांचं अभियांत्रिकी) एम.टेक. हा वेगळा, चांगला रस्ता आहे. गणित तिथेही लागतंच.

या सुट्टीत तिला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकू द्या आणि तालुक्याचा उताराचा नकाशा करायला सांगा. त्यात ती रमली, तर गणिताची शिकवणी लावायला कुरकुर करणार नाही.