‘मृत्युपत्र’ की ‘इच्छापत्र’?

विचारणा अशी आहे: ‘विल’ला मराठीत ‘मृत्युपत्र’ म्हणावे की ‘इच्छापत्र’? पहिला शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर काढायला नको वाटतो. आणि ‘इस्टेट प्लॅनिंग’ला मराठीत काही आहे का?

दोन्ही शब्द रूढ आहेत, पण मी ‘मृत्युपत्र’च वापरेन. खरेदीपत्र, बक्षीसपत्र यांतले ‘पत्र’ म्हणजे दस्त. बक्षीसपत्र पुरे झाले की वस्तू देणाऱ्याच्या हातून तेव्हाच जाते आणि नुसते मन बदलले म्हणून परत मिळत नाही. मृत्युपत्राला लिहिणारा हयात असेपर्यंत अंमलच नसतो. तो घर विकू शकतो, कागद फाडू शकतो, शुद्धीवर असेपर्यंत दुसरे मृत्युपत्र करू शकतो. हा सगळा फरक ‘मृत्यु’ या पदात आहे, ‘इच्छापत्रा’त तो पुसला जातो. (एकटा ‘मृत्यू’ दीर्घ, समासात मात्र ‘मृत्युपत्र’ ऱ्हस्व.)

शिवाय ‘इच्छापत्र’ दुसऱ्या कामासाठी हवा आहे. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचारांनी आयुष्य लांबवू नये, असे आधीच लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. तो कागद माणूस जिवंत असताना, पण स्वतः निर्णय घेऊ शकत नसताना लागू होतो. त्याला ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणावे. दोन्हींना एकच नाव दिले, तर ऐन वेळी घरचे भलताच कागद शोधत बसतील.

‘इस्टेट प्लॅनिंग’साठी ‘मालमत्ता नियोजन’ लिहितात. त्यातून गुंतवणुकीचा अर्थ आधी मनात येतो. मराठीत ‘निरवानिरव’ हा सुंदर शब्द आहे. निरवणे म्हणजे कुणाच्या तरी हवाली करणे. निघण्यापूर्वी ज्याचे त्याच्याकडे सोपवून, सांगून-सवरून मोकळे होणे ही निरवानिरव. तिच्यात मृत्युपत्र येते, अल्पवयीन मुलांचा सांभाळ कोण करणार हे येते, खाती, कर्जे आणि कागद कुठे आहेत याची यादीही येते. सरकारी भाषेत शोभेल की नाही ठाऊक नाही, पण घरात बोलायला याहून चांगला शब्द मला माहीत नाही.

खरा घोटाळा मात्र ‘वारस’ आणि ‘नॉमिनी’ यांचा आहे. वारस कायद्याने ठरतो. मृत्युपत्राने ज्याला मिळते तो लाभार्थी, मग तो नात्यातला असो वा नसो. म्हणून ‘अमक्याला वारस नेमतो’ असे मोघम न लिहिता ‘अमुक वस्तू अमक्याला देतो’ असे लिहावे. नॉमिनी म्हणजे पैसे किंवा शेअर आधी ज्याच्या हाती दिले जातात तो, मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. आयुर्विम्यात 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद झाली, ती अपवाद म्हणून लक्षात ठेवावी. ‘मी नॉमिनी आहे, म्हणजे सगळे माझे’ या एका समजुतीने भावंडांत कायमचे वितुष्ट येते, म्हणून हे इतके आग्रहाने लिहितो आहे.

कागदाला ‘मृत्युपत्र’ म्हणायचे की ‘इच्छापत्र’, याची मात्र चिंता नको. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चे कलम 74 सांगते की मृत्युपत्रात पारिभाषिक शब्द लागत नाहीत, करणाऱ्याचा हेतू कळला पाहिजे. साधा कागद चालतो, नोंदणी ऐच्छिक आहे. कलम 63 प्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच.

आणि वाक्ये जपून लिहावीत. ‘घर पत्नीला देतो’ असे एका ओळीत आणि ‘घर मुलीला देतो’ असे पुढे लिहिले, अन् दोन्हींचा मेळ बसतच नसेल, तर कलम 88 प्रमाणे शेवटचे वाक्य टिकते. मनात असते ते वेगळेच: पत्नीने हयातभर राहावे, मालकी मुलीची व्हावी. तर मग ‘हयातभर राहण्याचा हक्क’ आणि ‘मालकी’ हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहावेत. नुसत्या ‘देतो’मध्ये ते मावत नाहीत.