बंबवाले काकांना विचारा: विहिरीतली हवा, गॅसचा वास आणि पाणी संपलेला बंब

उन्हाळा तोंडावर आला की आमच्याकडं प्रश्नांचा ढीग पडतो, यावेळी तर बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडनं आलेत आणि एकदोघांनी सिलिंडरचे फोटोसुद्धा पाठवलेत. सगळ्यांना जागा नाही. विहिरीचा प्रश्न मुद्दाम मोठा घेतलाय, कारण तिथं माणसं जातात आणि अगदी फुकट जातात. बाकीच्यांना जमेल तेवढं.

प्रश्न: काका, शेतात जुनी विहीर आहे, दरवर्षी एप्रिलात गाळ काढतो. आजोबा आधी कंदील सोडून बघायचे, पेटता राहिला तर माणूस उतरायचा. आता घरातली पोरं म्हणतात कंदीलबिंदील सोडा, डिझेल इंजिन आतल्या टप्प्यावर ठेवू, पाणी उपसू आणि उतरू. कुणाचं बरोबर?
एक शेतकरी, उचगावकडून

आजोबांचं अर्धं बरोबर, पोरांचं पूर्ण चूक. पोरांचंच आधी घेतो. इंजिन विहिरीत उतरवायचं नाही म्हणजे नाहीच. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना रंग ना वास, चार भिंतींच्या आत त्याला जायला वाट नसते, आणि तो रक्तात शिरला की प्राणवायूची जागा अडवून बसतो. माणसाला वाटतं ऊन लागलं, डोकं जड झालं, जरा बसूया म्हणून बसतो आणि बसल्या जागी जातो. इंजिन वरच, काठापासून लांब, आणि धुराचं तोंड वाऱ्याच्या दिशेनं बाहेर. त्यापेक्षा विजेची सबमर्सिबल सोडून पाणी काढा, पण माणूस उतरायच्या आधी तिची लाईन तोडा.

आता कंदील. मोकळ्या हवेत प्राणवायू जवळपास २१ टक्के असतो, तो १६-१७ च्या आसपास आला की ज्योत विझते, म्हणजे कंदील विझला तर उतरायचं नाही हे शंभर टक्के खरं. पण कंदील पेटता राहिला म्हणून हवा चांगली असं मात्र होत नाही, इथंच माणसं फसतात. कार्बन मोनॉक्साईड माणूस मारण्याइतका असला तरी ज्योतीला काही होत नाही. गाळात पालापाचोळा, मेलेलं जनावर कुजलेलं असेल तर हायड्रोजन सल्फाईड सुटतो, थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास मारतो, आणि जास्त झाला की नाकच मरतं, वासच येत नाही, आपल्याला वाटतं गेला बाबा वास. गाळातनं मिथेन सुटला असेल तर मग कंदील सोडणं म्हणजे काडी ओढून टाकणंच. म्हणून हवा बघायची तर गॅस डिटेक्टरनं, आणि तो मिळत नसेल तर आत माणूस घालण्याआधी हवा ढकला. ब्लोअरचा पाईप थेट तळापर्यंत सोडायचा, वर काठावर वारा घालून उपयोग नाही, कारण कार्बन डायऑक्साईड हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाला बसलेला असतो. झाडाच्या पानांच्या फांद्या दोराला बांधून खालीवर हलवायची गावाकडची पद्धत आहे, तिनं हवा थोडी ढवळते, पण तेवढ्यावर भरवसा नको. आणि एकदा हवा घातली की झालं असं नाही, गाळ हलवला की नवीन गॅस सुटतो, ब्लोअर काम संपेस्तोवर चालूच ठेवायचा.

उतरणाऱ्याच्या अंगाला दोर हवाच. नुसता कंबरेला नको, बेशुद्ध माणूस ओढताना कंबरेचा दोर पोटात रुततो नाहीतर तो उलटा होतो, छातीला आणि मांड्यांना पट्टे असलेला बेल्ट असतो तो घ्या. दुसरं टोक वर दोन दणकट माणसांच्या हातात, आणि त्यांनी काही झालं तरी खाली उतरायचं नाही. सारखं बोलत राहायचं, उत्तर आलं नाही की ओढायचं, विचारत बसायचं नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. एका विहिरीत दोन-दोन, तीन-तीन माणसं गेल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो आपण, त्यात गाळ काढायला उतरलेला एकच असतो, बाकीचे त्याला काढायला उतरलेले असतात. भाऊ पडला की भाऊ उतरतो, बाप उतरतो. तोंडाला ओला रुमाल बांधून उतरतात, पण ओल्या रुमालानं गॅस गाळला जात नाही, आणि जिथं प्राणवायूच नाही तिथं गाळून तरी काय घेणार. श्वास रोखून जातो म्हणणाऱ्याला खाली माणूस उचलताना एक श्वास घ्यावाच लागतो, आणि तेवढा एक पुरतो. दोर बांधलेला असेल तर ओढा, ब्लोअर चालू ठेवा, ११२ लावा आणि दुसऱ्या कुणाला उतरू देऊ नका, गरज पडली तर धरून ठेवा त्याला.

आमची माणसं कशी उतरतात हे बघितलं की कळेल. पाठीवर ३०० बारची हवेची बाटली (बार म्हणजे दाबाचं माप), तोंडावर पूर्ण मास्क. मास्क लावला की नळीच्या तोंडावर तळहात दाबून श्वास ओढायचा, मास्क गालाला चिकटून बसला तर ठीक, कुठनं हवा आली तर परत पट्टे आवळायचे. दाढी वाढलेली असेल तर मास्क बसतच नाही, म्हणून ह्या कामाला दाढीवाल्याला पुढं घालत नाहीत. काठावर एकजण नुसता वेळ आणि प्रेशर लिहीत उभा असतो. बाटली कागदावर पाऊण तास चालते, पण जोरात काम करणारा माणूस ती अर्ध्या तासातसुद्धा संपवतो, आणि साधारण ५० बार उरले की शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजली की काम अर्धं असलं तरी वर. खरं तर शिट्टीची वाट बघणाराच कच्चा, वर चढायला लागणारी हवा आधीच हिशोबात धरायची असते. एवढं सगळं असून आम्ही घाबरत उतरतो आणि लोक बनियनवर उतरतात.

प्रश्न: काका, परवा रात्री स्वयंपाकघरातनं गॅसचा वास येऊलाला होता. ह्यांनी उठून आधी लाईटच लावली. नशीब काही झालं नाही, पण नक्की काय करायचं असतं?
एक वहिनी, वडगाव

वहिनी, लाईट लावायची नाही, आणि लागलेली असेल तर बंदसुद्धा करायची नाही, दोन्हीत ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन, मिक्सर, बेल कशालाच हात लावायचा नाही, मोबाईलसुद्धा बाहेर जाऊन लावायचा. देवाजवळ दिवा असेल तर तो पहिला विझवा. मग रेग्युलेटर बंद, काढता आला तर काढून सिलिंडरच्या तोंडाला ती प्लॅस्टिकची टोपी, आणि दारं-खिडक्या सताड उघड्या. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीवर, ओट्याखाली साठतो, नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, खालचं दार उघडायलाच पाहिजे. हवेत दोन ते नऊ-साडेनऊ टक्के मिसळला की तो पेटू शकतो. वास येतो तो गॅसचा स्वतःचा नसतो बरं का, कळावं म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. बाहेर आल्यावर १९०६ लावा, हा गॅस गळतीचा नंबर चोवीस तास चालतो.

रबरी नळी पाच वर्षांनी बदला, तिच्यावर तारीख छापलेली असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं तेही बघून घ्या, ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, म्हणजे बी-२७ असेल तर त्या सिलिंडरची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटलेला आला तर घ्यायचाच नाही, डिलिव्हरीवाल्या पोराशी भांडलात तरी चालेल.

आणि सिलिंडरनं तोंडाशी पेट घेतलाच तर? गोणपाट नाहीतर जाड सुती चादर पाण्यात बुडवून, अंगासमोर धरून, बाजूनं जायचं, तोंडावर टाकून बटण फिरवायचं. पण हे पहिल्या अर्ध्या मिनिटातच. सिलिंडर तापलेला असेल, आजूबाजूला पेटलं असेल तर मग तो आणि घर दोन्ही सोडून बाहेर.

प्रश्न: आमचे चार पॉवरलूम आहेत, घराच्या मागच्या खोलीत. एकजण येऊन लाल सिलिंडर विकून गेला, सगळी आग विझते म्हणाला. खरं आहे का, आणि वापरायचा कसा?
एक विणकर बंधू, खासबाग

"सगळी आग" हे विकणाऱ्याचं बोलणं. तुमच्याकडं बहुतेक एबीसी पावडरचा, म्हणजे कापड-लाकूड, तेल आणि गॅस अशा तीन तऱ्हेच्या आगींचा असेल, अंगावर लिहिलेलं असतं. तो चांगलाच आहे, पण त्याला काय जमत नाही ते सांगतो. पावडर ज्वाळा मारते, गार करत नाही. सुताचे कोन, कापडाचे गठ्ठे आतनं धुमसत असतात, वरची ज्वाळा गेली म्हणून तुम्ही घाम पुसत बाहेर येता आणि दहा मिनिटांनी परत पेटतं. त्यामुळं मेन स्विच बंद केल्यावर, केल्यावरच, गठ्ठे बाहेर ओढून फोडायचे आणि पाणी मारायचं. मोटार नाहीतर पॅनलबोर्ड पेटला तर पाणी नाही, तिथं कार्बन डायऑक्साईडवाला बरा, मशीन खराब होत नाही. पण तो फवारताना पुढचं नरसाळं हातात धरू नका, गॅस सुटतो तेव्हा उणे ७८ अंशांपर्यंत गार होतो, कातडी चिकटते. आणि मागची खोली लहान, बंद, त्यात तो गॅस सोडून तुम्ही आतच उभे राहिलात तर आग आणि तुम्ही दोघंही गुदमरणार, मारा आणि बाहेर या.

वापरायची रीत सोपी. दार पाठीशी ठेवून उभं राहायचं, पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या शेंड्यावर नाही तर बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडं झाडल्यासारखं फिरवायचं. सहा किलोचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत संपतो, म्हणून लांबून उडवत बसू नका. महिन्यातनं एकदा काटा हिरव्यात आहे का बघा. आणि तो मागाच्या पलीकडं कोपऱ्यात ठेवला असेल तर आजच दाराजवळ टांगा, आगीतनं जाऊन कोण आणणार? पॉलिएस्टरचं सूत असेल तर जास्तच जपा, ते जळताना वितळून गळतं आणि खाली दुसरीकडं पेटवत जातं.

प्रश्न: आमच्या गल्लीत गोडाऊन पेटलं, बंब उशिरा आला आणि वर दहा मिनिटांत पाणी संपलं म्हणून परत गेला. पाणी न भरता येतात काय तुमचे लोक?
एक संतापलेला वाचक, निपाणी

राग समजतो. पण हिशोब करू. मोठ्या बंबात साधारण ४५०० लिटर पाणी. एका नळीतनं मिनिटाला ५०० लिटर सोडलं तर नऊ मिनिटं, दोन नळ्या लावल्या तर साडेचार. भरून आणलेला बंबसुद्धा दहा मिनिटांत रिकामा होतो, त्यात काही काळंबेरं नाही. म्हणून बंब आला की आमचा पहिला प्रश्न "पाणी कुठं आहे" असाच असतो, आणि तेव्हा वीस लोक मोबाईल वर धरून शूटिंग करत असतात, उत्तर द्यायला कुणी नसतं. विहीर, तळं, कुणाच्या घराची मोठी टाकी, टँकरवाल्याचा नंबर, हे गल्लीतल्या एकानं तरी सांगायला हवं. आमच्याकडं पाणी ओढून घ्यायची जाड नळी असते, गाडी विहिरीपर्यंत पोचली तर पाणी संपायचा प्रश्नच मिटला. रस्त्यावर टाकलेल्या नळीवरनं बाईक घालणारे महाभाग पण असतात, नळी तिथंच फाटते आणि पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या हातातलं पाणी जातं.

उशिराचं म्हणाल तर फोन कसा केला हेही बघा. १०१ नाहीतर ११२. सीमेवर मोबाईल कधीकधी पलीकडच्या टॉवरला लागतो आणि फोन कोल्हापूरकडं जाऊ शकतो, त्यामुळं "निपाणी" एवढंच नाही, जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक हे पहिल्या वाक्यात सांगा. फोनवर समोरचा कन्नडमध्ये बोलला म्हणून गडबडू नका, "बेंकी हत्तैती" (आग लागलीय) एवढं म्हटलं तरी काम चालू होतं, मग गाव, गल्ली, ओळखीची खूण आणि आत माणूस आहे का ते. फोन समोरच्यानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. आणि एका पोराला मेन रोडवर उभं करा वाट दाखवायला, निपाणीच्या पेठेत मोठी गाडी एकदा चुकीच्या बोळात शिरली की मागं घेताना जीव जातो. तंबाखूचं गोडाऊन असेल तर तेही आधीच सांगा, तंबाखू दिवसेंदिवस आतनं धुमसतो, तिथं एका बंबाचं काम नाही.

थोडक्यात उत्तरं

*१४ एप्रिलला अग्निशमन दिन का, असं खानापूरच्या एका शाळकरी मुलीनं विचारलंय.* बाळ, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज पेटलं. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं, दोन्ही एकाच जहाजात. कापूस आतल्या आत धुमसत राहिला, जवान पाणी मारत राहिले आणि दुपारी चारनंतर जहाज फुटलं. ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्यासाठी हा दिवस आणि पुढचा आठवडा पाळतात.

*उसाचं पाचट पेटवावं का?* पेटवू नका, कुजवा, शेताला खत होतं. शेजारचा पेटवणारच असेल तर मधे चांगला रुंद पट्टा साफ करून घ्या आणि दुपारच्या वाऱ्यात तर नाहीच. पेटलेल्या फडात बैल, पाईप, मोटार काही राहिलं तरी आत शिरायचं नाही, वारा फिरला की बाहेर यायची वाट दिसत नाही. खानापूरकडच्या डोंगरात वणवा लागला तर चढावर पळू नका, आग चढावर जास्त जोरात धावते.

*तेल उडून भाजलं तर टूथपेस्ट?* नको, हळद नको, बर्फ पण नको. नळाखाली वीस मिनिटं धरा, घड्याळ लावून. बांगड्या, अंगठी सूज यायच्या आत काढा. कपडा चिकटला असेल तर ओढू नका, तसंच दवाखान्यात न्या.

*कढईतलं तेल पेटलं तर पाणी मारायचं ना?* अजिबात नाही! एक लिटर पाण्याची सतराशे लिटर वाफ होते आणि ती पेटलेलं तेल घेऊन वर उडते. गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि गार होईस्तोवर झाकण उचलून बघायचं नाही.

*इलेक्ट्रिक स्कूटर रात्री जिन्याखाली चार्जिंगला लावतो, चालेल का?* शहापूरच्या दादा, नाही चालणार. तिची बॅटरी पेटली की विषारी धूर जिन्यातनंच वर चढतो, आणि वरच्यांची उतरायची वाट तीच. अंगणात लावा, जागेपणी लावा, कंपनीचाच चार्जर वापरा, आणि पावसात बॅटरीत पाणी गेलं असेल तर दाखवल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.