कार सोडून सायकल वापरली तर आसपासच्या लोकांशी ओळख खरंच वाढते का?

वाढते. पण सायकल कशासाठी काढता त्यावर आहे. कोल्हापुरात येऊन वर्ष झालं, रोज कारने ऑफिसला जाता आणि गल्लीत अजून कुणी ओळखत नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून इथल्याच हिशेबाने सांगतो.

मी शिवाजी पेठेत राहतो, गावातली कामं सायकलवरच करतो. सायकलवर वेग कमी, म्हणून आपण थांबतो, बघतो, असं लोक म्हणतात. खरं आहे ते. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांना आपल्याला थांबवता येतं. काचा वर करून एसीत बसलेल्या माणसाला हाक कोण मारणार? सायकलवाल्याला मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोडपर्यंत कुणीही "काय वो, कुठं निघालाय?" म्हणून अडवतं. एक पाय खाली टेकला की बोलणं सुरू. कोण आजारी आहे, कुणाच्या पोरीचं लग्न जमलं, उद्या नळाला पाणी येणार का, हे मला तालमीच्या कट्ट्यावरच कळतं. घाईत असलात तरी ही मंडळी सोडत नाहीत, तेवढी तयारी ठेवा.

गंगावेशीत समोर म्हैस पिळून दुधाचा पेला हातात देतात. तिथं कार लावायला जागा शोधत बसाल, सायकल भिंतीला टेकवली की झालं. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी बघायला अर्धं गाव लोटतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे मोबाइलवरही कळतं. पण 2019 चा पूर बघितलेल्या माणसाशेजारी उभं राहिलं की पाणी तेव्हा कुठवर आलं होतं, हे तो न विचारताच सांगायला लागतो.

अभ्यासाचाही आधार आहे, फक्त तो सायकलचा नाही, रहदारीचा. डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकाने सॅन फ्रान्सिस्कोतल्या रस्त्यांची तुलना केली होती. दिवसाला सुमारे 2,000 गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नव्हता.

पहाटे हेल्मेट घालून पन्हाळा चढणाऱ्या ग्रुपात गेलात तर तब्येत झकास होईल, पण ओळखी त्या ग्रुपातल्याच. गल्लीशी जमवायचं असेल तर कपिलतीर्थ मार्केटातली भाजी हँडलला पिशवी अडकवून आणा. हवा भरायचा पंप घरी घेऊ नका, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे जात जा. सगळ्या गल्लीची खबर त्याच्याकडे असते.

ऑफिस शिरोली एमआयडीसीत असेल तर मात्र हायवेला सायकल घालू नका. तिथं कारच बरी. जुलैच्या पावसात मीही रिक्षाच करतो.